गटारावरची फरशी आणि सहा समित्या: नगरपरिषदेचा कारभार समजून घेऊ पाहणाऱ्या नव्या माणसासाठी

आमच्या गल्लीतल्या गटारावरची फरशी फुटली तेव्हा मी अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेले आणि तीन टेबलं फिरून तसाच अर्ज घेऊन घरी आले. आरोग्य विभागात म्हणाले, ‘गाळ काढायचा असेल तर आमच्याकडे. फरशी बांधकामची.’ बांधकामात म्हणाले, ‘ताई, हे गटार भुयारी योजनेत येतंय का, ते आधी पाणीपुरवठ्यात विचारून या.’ आणि पाणीपुरवठ्याचे साहेब साइटवर गेलेले. त्या दिवशी मला मनस्वी राग आला होता. पुढे काही वर्षं सभांना जाऊन बसल्यावर कळलं, की तिघंही खोटं बोलत नव्हते. गटार साफ करणं, गटार बांधणं आणि सांडपाणी गावाबाहेर नेणं ही तीन वेगळी खाती आणि त्यांच्यावरच्या तीन वेगळ्या समित्या आहेत. हे तेव्हा मला कुणी समजावून सांगितलं असतं तर दोन पावसाळे वाचले असते. म्हणून हा लेख.

हा लेख छोट्या शहरांसाठी आहे, म्हणजे जिथे महानगरपालिका नाही, नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे तिथल्या लोकांसाठी. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक गावांत वर्षानुवर्षं प्रशासक होता, समित्याच नव्हत्या. त्यामुळे आज अनेक ठिकाणी नगरसेवकही नवे आहेत आणि त्यांना प्रश्न विचारणारे नागरिकही.

पहिली पायरी: आपली संस्था कोणत्या वर्गातली, ते बघा

नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्येवरून तीन वर्ग पडतात. एक लाखाच्या वर असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत ‘ब’, त्याखाली ‘क’. खेड्याचं शहर होऊ घातलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते आणि तिथे सतरा नगरसेवक निवडून येतात.

हे माहीत असण्याचा उपयोग काय? ‘अ’ आणि ‘ब’ वर्गात विषय समित्या नेमाव्याच लागतात. ‘क’ वर्गात त्या नेमायच्या का आणि किती, हे बरंचसं सभेच्या हातात असतं. एखाद्या लहान गावात तुम्ही ‘नियोजन समितीचे सभापती कोण?’ असं विचारत फिरलात आणि कुणाला सांगता आलं नाही, तर दरवेळी ती टाळाटाळ नसते. ती समिती तिथे नसेलही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. मुंबई-पुण्याच्या बातम्या वाचून लोक ‘आपल्या वॉर्ड समितीचं काय?’ असं विचारतात. राज्यघटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या आहेत त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. आपल्याकडे ती मधली पायरी नाही. नागरिक आणि नगरसेवक यांच्यामध्ये फक्त दार आहे, आणि ते ठोठवायचं असतं.

दुसरी पायरी: कोण काय ठरवतं

सगळ्यात वर सर्वसाधारण सभा. सगळे नगरसेवक, थेट लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि नामनिर्देशित सदस्य, ज्यांना बोलताना सगळे ‘स्वीकृत’ म्हणतात, ते तिथे बसतात. मोठे निर्णय, कर, अर्थसंकल्प, जमिनी हे सगळं तिथे होतं.

खाली विषय समित्या. कायद्यातली सहांची यादी अशी आहे: सार्वजनिक बांधकाम; शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य; स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य; पाणीपुरवठा व जलनिःसारण; नियोजन व विकास; आणि महिला व बालकल्याण. प्रत्येक समितीला सभापती असतो. उपनगराध्यक्ष एका समितीचे पदसिद्ध सभापती असतात. महिला व बालकल्याणचं सभापतिपद महिला सदस्याकडेच जातं. या सगळ्या सभापतींना एकत्र बांधणारी ती स्थायी समिती. तिचे अध्यक्ष नगराध्यक्ष, सदस्य म्हणून विषय समित्यांचे सभापती आणि सभेने निवडून दिलेले आणखी काही नगरसेवक. पैशाचा विषय बहुधा स्थायीच्या वाटेनेच पुढे सरकतो.

या सगळ्यांना समांतर मुख्याधिकारी. ते निवडून आलेले नसतात, शासनाने नेमलेले असतात. ठरावाची अंमलबजावणी, कर्मचारी, कागदपत्रं, बिलं हे सारं त्यांच्या सहीने चालतं. सभेने ठरवायचं आणि मुख्याधिकाऱ्यांनी करायचं, अशी ही विभागणी आहे. लोक बहुतेक वेळा नगराध्यक्षांवर चिडतात ते मुख्याधिकाऱ्यांच्या कामासाठी, आणि मुख्याधिकाऱ्यांवर चिडतात ते सभेने न केलेल्या ठरावासाठी. तुमची तक्रार ‘ठरवलंच नाही’ ही आहे की ‘ठरवून केलं नाही’ ही आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. अर्ध्या खेपा तिथेच वाचतात.

समित्यांबद्दलची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांची मुदत एकच वर्षाची असते. दरवर्षी नवी निवड होते. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला अधिकारी, म्हणजे सहसा प्रांत किंवा तहसीलदार, पीठासीन म्हणून बसतो. सभागृहातल्या पक्षांच्या आणि आघाड्यांच्या तौलनिक संख्याबळावर जागा वाटल्या जातात आणि गटनेते नावं देतात. ज्या सभापतींनी मार्चमध्ये तुमच्या गल्लीत येऊन ‘करून टाकू’ म्हटलं, ते पुढच्या मार्चमध्ये सभापती नसतील. नव्या सभापतींना तो शब्द माहीत असण्याचं काही कारण नाही. तोंडी आश्वासनाचं आयुष्य म्हणूनच जास्तीत जास्त एक वर्ष धरा. लिहिलेलं असेल ते टिकतं.

तिसरी पायरी: एक सभा पूर्ण बसून बघा

सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. एखाद्या विषयापुरती बंद करायची असेल तर तसं अध्यक्षांनी ठरवावं लागतं. तुम्हाला बोलता येत नाही, पण बसता येतं. माझा आग्रह आहे की काहीही मागणी करण्यापूर्वी एक सभा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघा. शिपायाने अडवलं तर शांतपणे सांगा, ‘दादा, प्रेक्षक म्हणून बसायचंय, बोलणार नाही.’ दारावर फारशी हरकत कुणी घेत नाही.

त्याआधी विषयपत्रिका मिळवा. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी निघावी लागते. ती सूचना फलकावर लागते. सभा लिपिकाकडे विचारलं तर बघायला मिळते.

पहिल्यांदा विषयपत्रिका हातात पडली तेव्हा मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं, कारण ती वाचण्याची एक पद्धत आहे. पहिला विषय जवळपास ठरलेला असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ हा अर्ध्या मिनिटात उरकतो, म्हणून सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. पण मागच्या सभेत जे झालं ते आणि जे लिहिलं गेलं ते, यात फरक असेल तर बोट ठेवायची वेळ हीच. एकदा इतिवृत्त कायम झालं की कागदावरचं तेच खरं. नव्या नगरसेवकांना मी हात जोडून सांगते, पहिल्या विषयाला गप्प बसू नका. इतिवृत्त घरी नेऊन वाचून या.

मग मधले विषय येतात. ‘प्रभाग क्र. ४ मधील अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत आर.सी.सी. गटार बांधणे कामी आलेल्या निविदांवर निर्णय घेणे.’ अशा ओळीत घरमालकांची नावं ही खूण असते. ती आपली गल्ली आहे का, हे गावातल्या माणसालाच कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. ‘कामी’, ‘बाबत विचारविनिमय करणे’, ‘अवलोकन करणे’ या शब्दांकडे नीट बघा. ‘अवलोकन’ म्हणजे फक्त माहितीसाठी समोर ठेवलंय. ‘निर्णय घेणे’ म्हणजे आज काहीतरी ठरणार. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे काम किंवा खर्च आधीच झालेला आहे आणि आता त्यावर शिक्का हवा आहे. या शेवटच्या प्रकाराला आपत्तीच्या काळात कारण असू शकतं. पण वर्षभरातले असे विषय वेगळे लिहून काढले तर कारभाराची प्रकृती समजते.

आणि शेवटी, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ इथे सावध व्हा. सात दिवसांची नोटीस ज्यासाठी आहे, ते म्हणजे सदस्यांना वाचायला आणि लोकांना कळायला वेळ मिळावा हे, ऐनवेळच्या विषयात उरत नाही. पाइपलाइन फुटली, साथ आली, तर ऐनवेळचा विषय समजू शकतो. जागा भाड्याने द्यायचा विषय ऐनवेळी का यावा, हा प्रश्न विचारणं सदस्याचं काम आहे. तो विचारला गेला की नाही, ते टिपून ठेवणं आपलं.

ठराव मांडणारा सूचक, पाठिंबा देणारा अनुमोदक. दोघांची नावं इतिवृत्तात येतात. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्दही येतात आणि खूपदा येतात. एखाद्या सदस्याला विरोध असेल तर त्याने तो नावासकट नोंदवून घ्यायला हवा. मनातला विरोध कागदावर दिसत नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, निवडून आलेले नव्हे तर नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असं म्हणत त्यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. खर्च मंजूर झालाच. पण ते मत नोंदलं गेलं आणि आज दीडशे वर्षांनी आपण ते सांगू शकतो.

पहिल्या सभेला जाताना वही न्या. विषय क्रमांक, कोण बोललं, काय ठरलं, एवढंच लिहा. मोबाइलवर चित्रण करण्यापेक्षा वही बरी. वहीवर कुणी आक्षेप घेत नाही आणि लिहिताना आपलं लक्षही राहतं.

चौथी पायरी: अर्ज

अर्ज एका विषयाचा, एका पानाचा. गटार, दिवा आणि कुत्री एकाच अर्जात घातलीत तर तो तीन खात्यांत फिरेल आणि कुठेच राहणार नाही. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत संबंधित समितीच्या सभापतींना आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना द्या. बहुतेक नगरपरिषदांत एका प्रभागात दोन नगरसेवक असतात. प्रत दोघांनाही द्या, पक्ष कोणताही असो.

मागणी नेमकी लिहा. ‘गटाराची दुरवस्था झाली असून नागरिकांना त्रास होत आहे’ या वाक्यावर कुणाला काही करता येत नाही. मी माझा दुसरा अर्ज असा लिहिला होता: ‘पिंपळाच्या पारापासून गिरणीपर्यंत उघडे गटार, लांबी अंदाजे ४० मीटर, तीन ठिकाणी फरशी फुटली आहे. या कामाचे अंदाजपत्रक तयार करून विषय बांधकाम समितीपुढे ठेवावा.’ शेवटच्या वाक्याने फरक पडला. ‘दुरुस्ती करावी’ या मागणीला कनिष्ठ अभियंता ‘निधी उपलब्धतेनुसार’ असं उत्तर देऊन मोकळा होतो. ‘अंदाजपत्रक करावे’ ही मागणी त्याच्या स्वतःच्या हातातली असते, त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही.

मग आवक-जावक. तळमजल्यावर, बहुधा जिन्याखाली, एक मोठं रजिस्टर घेऊन बसलेले क्लार्क असतात. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घालून ती आपल्याजवळ ठेवायची, तिला पोच म्हणतात. आमच्याकडच्या बाईंनी पहिल्यांदा शिक्का मारला आणि क्रमांक घातलाच नाही. मी तशीच निघाले होते, तर रांगेतल्या एका आजोबांनी हाक मारली, ‘बाई, नंबराशिवाय शिक्का म्हणजे नुसती शाई. नंबर घालून घ्या.’ बाईंनीही लगेच घातला. तो चार आकडी क्रमांक मी पुढे अकरा महिने प्रत्येक कागदावर लिहीत होते.

सेवांसाठीचे अर्ज वेगळे असतात. जन्म-मृत्यूचा दाखला, नळजोडणी, मालमत्ता कराचा उतारा यांचा समित्यांशी संबंध येत नाही. त्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतात, प्रत्येकीला ठरलेली मुदत असते आणि ‘आपले सरकार’वरून अर्ज करता येतो. दाखला मिळाला नाही म्हणून सभापतींकडे जाऊ नका.

पाचवी पायरी: ठरावाच्या मागे जा

इथे नवी माणसं थांबतात. सभेत ठराव झाला, टाळ्या वाजल्या, स्थानिक पेपरात बातमी आली, आणि सगळे घरी गेले.

महाडचं उदाहरण कुणी विसरू नये. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. त्याला धरून महाडसारख्या लहानशा गावाच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. ठराव रीतसर होता, कागद पक्का होता. आणि तीन वर्षं तळ्यावर काहीही बदललं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि ते पाणी प्यायली, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा जमिनीवर उतरला. पुढे काय झालं? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. मग कोर्टकचेरी होऊन १९३७ साली उच्च न्यायालयाने तळ्यावरचा हक्क मान्य केला. म्हणजे नगरपालिकेने ठराव केला, पाळला नाही आणि फिरवलाही. नगरपालिकेच्या ठरावाची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही महाडला एकाच तळ्याकाठी दिसली.

आपल्या गटाराला त्या लढ्याशेजारी बसवायचं नाही. पण ठराव आणि काम यांच्यामधली जागा तीच आहे, आणि आज त्या जागेत कोणते कागद असतात ते माहीत असायला हवं. कामाला अंदाजपत्रक लागतं. त्याला तांत्रिक मान्यता लागते, म्हणजे आकडे आणि दर बरोबर आहेत असं सक्षम अभियंत्याने म्हणायचं. प्रशासकीय मान्यता लागते, म्हणजे हे काम करायचं आणि पैसा अमुक शीर्षातून द्यायचा. मग निविदा. आलेले दर अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जादा आहेत, हे तुलनात्मक तक्त्यात दिसतं. मग कार्यादेश, ज्यात काम सुरू करायची आणि संपवायची मुदत असते. मग मोजमाप पुस्तिका, जिला सगळे ‘एम.बी.’ म्हणतात. मग बिल. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातली खोट ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत त्याची अनामत अडकून राहते.

यातला कुठला कागद झाला आणि कुठला अडकला, एवढं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. ‘काम कधी होणार?’ याला ‘लवकरच’ हे उत्तर चालतं. ‘कार्यादेश कोणत्या तारखेचा आहे?’ याला तारीखच सांगावी लागते.

एक गोष्ट अजून. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असल्याचं कारण असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. हे दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. तुमच्या कामाचा ठराव असा थांबला असेल तर आदेशाची प्रत मागा, त्यात कारण लिहिलेलं असतं. आणि विषय तातडीचा असून सभाच लागत नसेल, तर एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्य लेखी मागणी करून विशेष सभा बोलवायला लावू शकतात. तुमच्या नगरसेवकांना हे माहीत नसेल तर सांगा.

सहावी पायरी: कागद बघायचे कसे

माहिती अधिकाराचा अर्ज सगळ्यांना माहीत आहे: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस, झेरॉक्सला पानामागे दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रथम अपील.

पण त्याआधी सोमवार वापरा. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघायला खुले केले. अर्ज करून महिनाभर थांबण्यापेक्षा समोर बसून फाइल चाळली की आपल्याला नेमकं कुठलं पान हवं ते कळतं, आणि मग तेवढ्याच पानाची प्रत मागता येते. कर्मचाऱ्याचाही वेळ वाचतो. ‘गेल्या पाच वर्षांतल्या सर्व कामांची सर्व माहिती’ असे अर्ज टाकून आपण त्या एका क्लार्कला बुडवतो, हातात काही येत नाही आणि खऱ्या गरजूंचे अर्ज मागे पडतात. असं करू नका.

समित्यांपलीकडची मंडळं, जिथे सामान्य माणसाला जागा आहे

आतापर्यंतच्या समित्यांत फक्त नगरसेवक बसतात. काही ठिकाणी मात्र आपण स्वतः बसू शकतो, आणि ही माहिती मला सगळ्यात उपयोगाची वाटते.

नगर पथविक्रेता समिती. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ती आली. अध्यक्ष मुख्याधिकारी, पण सदस्यांपैकी किमान ४० टक्के हे पथविक्रेत्यांनी स्वतःतून निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. फेरीवाला क्षेत्र कुठे, ना-फेरीवाला क्षेत्र कुठे, सर्वेक्षण कसं, यावर या समितीचं म्हणणं घ्यावं लागतं. सर्वेक्षण दर पाच वर्षांतून एकदा तरी व्हायला हवं आणि सर्वेक्षणाआधी कुणाला हटवता येत नाही. बाजारच्या दिवशी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना विचारलं, ‘तुमची समिती आहे, माहीत आहे का?’ तर त्या म्हणाल्या, ‘आमची कसली समिती, आमची पावती असते.’ बाजारातली दहा रुपयांची पावती ठाऊक असते, पण निवडणुकीतलं आपलं मत ठाऊक नसतं. तुमच्या ओळखीत कुणी हातगाडी लावत असेल, तर त्यांचं नाव सर्वेक्षणाच्या यादीत आहे का, एवढं त्यांच्यासोबत जाऊन बघून द्या. यादीत नाव असेल तरच प्रमाणपत्र आणि मत दोन्ही मिळतं.

नगरपरिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. मूल त्या शाळेत असेल तर सार्वजनिक कामात पहिलं पाऊल टाकायला याहून चांगली जागा नाही. बैठक ओळखीच्या वर्गात असते, विषय ओळखीचे असतात, आणि ठराव लिहायची सवय लागते.

वृक्ष प्राधिकरण १९७५ च्या कायद्याखालचं. झाड तोडायच्या परवानगीआधी झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. रस्त्यातल्या झाडावर कागद चिकटवलेला दिसला तर थांबून वाचा, मुदत फार थोडी असते. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड असेल तर ते वारसा वृक्ष ठरतं, हे हरकतीत आवर्जून लिहा.

आणि विकास योजना. ती साधारण वीस वर्षांतून एकदा होते, त्यामुळे बहुतेकांच्या आयुष्यात दोन-तीनदाच येते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी जाहिरातीत दिलेली मुदत पाळावीच लागते. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. ही वरच्या विषय समितीहून वेगळी, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञ असतात. नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधायला गावातला एखादा निवृत्त भूमापक सोबत न्या. आपल्या घरावरून रस्ता गेलाय की नाही, हे रंगावरून ओळखणं नव्या माणसाला अवघड जातं.

वर्षाचं वेळापत्रक

थोडक्यात सांगते. अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीच्या सुमारास होते. म्हणून नव्या कामाची मागणी दिवाळीनंतर लगेच पोचवा, मार्चमध्ये नाही. गटार, नाले यांची कामं पावसाळ्याआधी व्हायची तर कार्यादेश उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच निघायला हवा. समित्या बदलल्या की पहिल्या पंधरवड्यात नव्या सभापतींना भेटून जुन्या अर्जाची प्रत द्या.

नव्या नगरसेवकांसाठी दोन शब्द

समितीची बैठक लहान असते, तिथे पत्रकार नसतात, म्हणून ती कमी महत्त्वाची वाटते. खरं काम तिथेच होतं. अभियंता समोर असतो, नकाशा टेबलावर असतो, विचारायला वेळ असतो. सर्वसाधारण सभेत चाळीस विषय दोन तासांत उरकायचे असतात. ज्या विषयाचा अभ्यास समितीत झाला नाही, त्याचा तिथे होत नाही. आणि नगरपरिषदेच्या कंत्राटात आपला किंवा भागीदाराचा वाटा असणं, किंवा स्वतःचं अनधिकृत बांधकाम असणं, यावरून पद जाऊ शकतं. निवडून आल्यावर नव्हे, त्याआधीच घरचे कागद तपासून घ्यावेत.

शेवटची पायरी: मोजून घ्या

आमच्या गटाराचं काम मे महिन्यात झालं. आठवड्याभराने सोमवारी दुपारी मी मोजमाप पुस्तिका बघायला बसले. निळ्या शाईत लिहिलं होतं: लांबी ४१.५० मीटर, रुंदी ०.४५, फरश्या अमुक नग. ते आकडे वहीत उतरवून घेतले. संध्याकाळी शिंप्याकडून टेप आणला, शेजारच्या वहिनींनी पिंपळाच्या पाराशी एक टोक धरलं आणि आम्ही गिरणीपर्यंत मोजत गेलो. मध्ये कितीतरी वेळा टेप उचलून पुढे न्यावा लागला, मुलं मागे मागे येत होती. एक्केचाळीस मीटर आणि वर थोडं. फरश्या मात्र दोन कमी निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन अर्ज केला. ठेकेदाराची अनामत अजून नगरपरिषदेकडेच होती, आणि पाऊस यायच्या आत त्या दोन फरश्या बसल्या.